हवालदाराचं रक्त

"केस उलटे करा, मंग बोला."

कुत्र्याला काय झालंय हे सांगायला माणूस तोंड उघडायचा आणि मॅडम त्याला हे वाक्य ऐकवायच्या. मग स्वतः खाली बसायच्या, कुत्र्याच्या शेपटीपाशी अंगठा टेकवायच्या आणि तो मानेकडे, केसांच्या उलट दिशेने, सावकाश सरकवत न्यायच्या. केस बाजूला पडून खालची कातडी दिसायला लागायची. तुमच्याही गल्लीत कुत्री असतील. त्यांच्या केसांखाली काय चाललंय हे तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलं नव्हतं. दहा पावलांवरूनच आपण ठरवून टाकतो की लूत लागली, आणि दगड उचलतो.

मॅडम सरकारी दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना वलगावच्या पुढे, रस्त्याला लागून. बाई मूळच्या अकोल्याच्या. वडील बांगड्या विकायचे, घरात हिंदी, बाहेर वऱ्हाडी. माणसांवर वऱ्हाडीत ओरडायच्या आणि कुत्र्यांशी हिंदीत लाडाने बोलायच्या. "आजा बेटा, बस, हो गया" असं म्हणत पुढच्या पायाची शीर कधी पकडली आणि रक्त कधी काढलं, ते त्या कुत्र्यालाही कळायचं नाही. गावातले लोक त्यांना ढोराची डाक्टरीन म्हणायचे. घरचेही सोडत नसत. अकोल्याचा भाऊ म्हणायचा, आपण मुसलमान माणसं, तुला कुत्र्याशिवाय दुसरं जनावर भेटलं नाही का? मॅडम म्हणायच्या, "हात धुवाले अल्लानं पाणी देल्लं हाये." नमाजाचे कपडे वेगळे ठेवायच्या आणि विषय संपवायच्या.

मी अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. बी.एस्सी. झालेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. हे मी कुठेही सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. लॅबमध्ये माझा पांढरा कोट होता, खिशाला पेन होतं, आणि माझ्या हाताखाली माणसांचं रक्त यायचं. तिथे एके दुपारी मॅडम आल्या. थर्मासात बर्फ, बर्फात जांभळ्या टोपणाची रक्ताची नळी. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं.

"राजा."

"वय?"

"चार."

मुलीने लिहिलं, मास्टर राजा, वय चार. मॅडमनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "मास्टर नाई, कुत्रा हाये."

आमचे सर आतून धावत आले. मशीन माणसांचं आहे, म्हणाले, आणि उद्या पेशंटांना कळलं की इथे कुत्र्याचं रक्त तपासतात तर कोण येईल? मशीनच्या बाबतीत सर चूक नव्हते. कुत्र्याच्या लाल पेशी आपल्यापेक्षा लहान असतात. माणसाच्या मापाला लावलेलं मशीन भलतेच आकडे देतं. पण मॅडमना मशीन नकोच होतं. त्यांच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक होता, त्याच्या भिंगाला पावसाळ्यात बुरशी चढली होती, आणि नवं भिंग मागणीच्या कागदावरच राहिलं होतं. त्यांना काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, डोळ्याने पेशी मोजणारा माणूस हवा होता. सरांच्या मागे उभा राहून मी म्हणालो, मी करतो, जेवणाच्या सुटीत.

"तू कोण?"

"बी.एस्सी.," मी म्हणालो.

"मी नाव इचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "बरं, ग्रॅज्युएट, काच घे."

त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी मला ग्रॅज्युएटच म्हटलं. राग यायचा, पण आवडायचंही.

कुत्र्याच्या रक्तात एक पेशी असते. माणसातही असते, पण कुत्र्यात ती जास्त ठसठशीत दिसते. पोटात नारिंगी दाणे भरलेले, आपल्याकडची संत्री फोडून आत पाहावं तसे. अंगावर पिसवा-गोचिडांचा उच्छाद असला, पोटात जंत असले, किंवा एखादी गोष्ट कातडीला सोसत नसली, की या पेशी वाढतात. मी पहिल्यांदा त्या मोजल्या तेव्हा ऐटीत विचारलं, म्हणजे ॲलर्जी ना मॅडम? त्या म्हणाल्या, "रक्त नाव सांगत नाई बाबू. रस्ता दावते. चालावं आपल्याले लागते." मग त्या चालायच्या. आधी कातडी खरवडून खरजेचा किडा पाहायचा. तो नसला तर गोचिडताप पाहायचा. जंताचं औषध देऊन पुन्हा रक्त काढायचं. एकेक कारण बाद करत जायचं आणि शेवटी जे उरेल त्याला धरायचं. इतकं सगळं एका गावठी कुत्र्यासाठी. सर म्हणायचे, बाईंना दुसरं काम नाही. काम होतं. सगळी ढोरं पाहून झाली की उरलेल्या वेळात त्या हे करायच्या.

रस्त्याने जाताना अंगाला जळकं ऑइल फासलेलं कुत्रं दिसलं की त्या स्कूटर थांबवायच्या आणि ते कोणाचं म्हणून घर शोधत जायच्या. एकदा मी मागे बसलो होतो. घरमालक सांगत होता की लुतीवर हाच उपाय, आजोबांपासून चालत आलाय. मॅडमनी विचारलं, "तुमच्या आजोबाले खाज सुटली तं त्याईले बी ऑइलच लावलं होतं काय?" आतून त्याची बायको फस्सकन हसली, म्हणून आम्ही वाचलो.

आता हवालदाराचं सांगतो. 

वलगावच्या पलीकडे एका गावाच्या कडेला वच्छलाबाई एकटी राहायची. दोन शेळ्या, कुडाची झोपडी आणि एक तांबडा कुत्रा. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला तो रस्त्यात आडवा बसून अडवायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार. एकट्या बाईच्या दाराला कडी नव्हती, हवालदार होता. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी सुरू झाली की वच्छलाबाई फवारणीचं पाणी भरायला आणि औषध कालवायला जायची. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, जशा आपल्याकडे सगळ्याच बाया जातात.

ते दिवस आपल्या भागाला तोंड दाखवायला जागा नसल्याचे होते. रोज पेपरात आमच्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी. मुंबईहून माणसं यायची, बांधावर फोटो काढायची, जायची. पीक गेलं तरी चालेल पण कीड राहू नये, अशा हट्टाने लोक फवारत होते, आणि गावागावातली कृषी केंद्रं तेवढी फुलली होती. त्या गावातल्या कृषी केंद्रवाल्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. औषध तोच सांगायचा, तोच द्यायचा, किती टाकायचं तेही तोच. बाटलीवरचा कागद इंग्रजी-हिंदीत, अक्षर मुंगीएवढं. वाचणार कोण?

त्या वर्षी हवालदाराचे केस गेले. पाठ लाल, पोट लाल, पाण्यासारखी लस वाहतेय, रात्रंदिवस खाजवतोय. गाव म्हणालं लूत. पाठोपाठ दोन-चार पोरांच्या अंगावर पुरळ उठलं आणि गाव म्हणालं, या कुत्र्यानेच दिली. ग्रामपंचायतीत ठरलं की हवालदाराला आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या कुत्र्यांना भाकरीतून औषध घालायचं. मॅडमना कळलं तशा त्या चावडीवर गेल्या. हे कायद्यात बसत नाही, असं आधी सांगून पाहिलं. कोणी ऐकेना. तेव्हा म्हणाल्या, पोळ्यापर्यंत थांबा. मी रक्त तपासते. दुसऱ्याला लागणारी लूत निघाली तर मी स्वतः कुत्रा घेऊन जाईन. सरपंच थांबायला कबूल झाला.

मॅडमनी कातडी खरवडली. किडा नाही. रक्त माझ्याकडे आलं. गोचिडताप नाही, पण नारिंगी पेशींचा नुसता बाजार भरलेला. जंताचं औषध दिलं, फरक नाही. तेव्हा त्यांनी वच्छलाबाईला विचारलं, मी तिथे होतो, "याले आंगोळ कशानं घालता?"

"औषधानं," वच्छलाबाई म्हणाली. "गोचीड लय झाले होते. भाऊसायबानं सांगतलं, बादलीत झाकणभर टाक, साफ होते. दर बाजाराच्या दिवशी घालतो."

पऱ्हाटीवर फवारायचं औषध.  मॅडमनी वच्छलाबाईचा हात धरला आणि सदऱ्याची बाही वर सारली. अगदी तसाच अंगठा, मनगटाकडून कोपराकडे, उलट दिशेने. बाहीखाली हवालदाराची पाठ होती. तोच लाल रंग, तीच लस, त्याच नखांच्या रेघा.

"हे कधीपासून?"

"हे होतेच न बाई फवारणीत. सगळ्याईलेच होते." आणि ओशाळून तिने बाही खाली ओढली.

सगळ्यांनाच होतं. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. सगळ्यांना होतं म्हणून ते कोणालाच झालेलं नव्हतं.

मॅडमना माणसावर इलाज करायची परवानगी नव्हती आणि त्यांनी तो केलाही नाही. त्यांनी वच्छलाबाईला स्कूटरवर बसवलं, अमरावतीत माणसांच्या डॉक्टरकडे नेलं, चिठ्ठी घेतली आणि आमच्या लॅबमध्ये आणलं. रक्त मी काढलं, चिठ्ठी पाहून, पांढरा कोट घालून. अशा औषधांनी रक्तातला एक घटक खाली जातो. ती तपासणी आमच्याकडे नव्हती, नळी नागपूरला पाठवली. घटक खाली गेलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, फवारणीपासून लांब राहा. वच्छलाबाईने विचारलं, मग खाऊ काय? डॉक्टरांकडे त्याची गोळी नव्हती.

हवालदाराची औषधाची आंघोळ बंद झाली. मॅडम रोज येऊन त्याला साबणाने धुवायच्या, गोचीड हाताने वेचायच्या, शेतात जाऊ द्यायच्या नाहीत. पोळ्याच्या आधी पुन्हा रक्त काढलं. मी काच भिंगाखाली धरली, आणि नारिंगी पेशी शोधाव्या लागल्या. मोजलं, पुन्हा मोजलं. मॅडमना फोन केला तर पलीकडून एवढंच आलं, "शाबास ग्रॅज्युएट." माझ्या पदवीदान समारंभातही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

चावडीवर आम्ही दोघं गेलो. आता तुम्ही सांगा, त्यांनी काय करायला हवं होतं? कुत्रा लुतीचा नाही, तो कोणाला काही देत नाही, एवढं सांगून परत यायचं होतं. सरपंच मान हलवतच होता. बैलांच्या झुली, बाशिंगं यांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. हवालदार वाचला होता. मी त्यांच्या ओढणीला हात लावून हळूच म्हणालो, चला मॅडम.

त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, कुत्र्याचं झालं, आता माणसाचं बोलू. आणि सगळं सांगितलं. औषधाची आंघोळ, वच्छलाबाईचा हात, तिचं रक्त. पोरांना आलेलं पुरळ कुत्र्याचं नाही, औषधाच्या रिकाम्या डब्यांत घरोघरी पाणी साठवतात आणि पोरं त्या पाण्याने आंघोळ करतात, त्याचं असू शकतं, त्यांचंही रक्त तपासा. मग समोर बसलेल्या बायांकडे वळून म्हणाल्या, बाह्या वर करा.

कोणी केल्या नाहीत. बाया भाऊसाहेबाकडे पाहत होत्या. भाऊसाहेब खांबाला टेकून उभा होता. पुढच्या हंगामाचं बियाणं कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्याच्या हातात होतं, आणि हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तो हसत म्हणाला, "इथं माणसं मरून राहिली मॅडम, अन् तुमी कुत्र्याचं रक्त तपासून राहिल्या."

लोक हसले. हसण्यात तीही माणसं होती ज्यांच्या बाह्यांखाली काय असणार हे मला आता माहीत होतं.

मॅडम त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "माणसाचं काढाले कोणी येऊन नाई राहिलं भाऊसाहेब. म्हणून कुत्र्याचं काढलं."

आवाज चढला नव्हता.  मागच्या रांगेत एका बाईने बाही वर केली. फक्त एकीने, वच्छलाबाईने.

पोळा झाला. तक्रार गेली. जनावरांच्या डॉक्टरने माणसाचं रक्त काढलं, माणसावर उपचार केले, गावात औषधाविषयी अफवा पसरवली. चौकशीला साहेब आले, मला बोलावलं. रक्त कोणी काढलं? मी काढलं, म्हणालो, ही चिठ्ठी. साहेबांनी चिठ्ठी पाहिली, चहा घेतला, आणि चौकशीत काहीच निघालं नाही. तरी मॅडमची बदली झाली, पार त्या टोकाला, जंगलाच्या जिल्ह्यात. कारण दिलं होतं, प्रशासकीय. हा शब्द ज्याने शोधला त्याच्या अंगाला कधी काही चिकटत नसणार. आमच्या सरांनीही मला बाजूला घेऊन समजावलं की आता कुत्र्यांचं रक्त बंद. मी म्हणालो, बंद कशाला, आणणाऱ्या मॅडमनाच पाठवून दिलंय ना.

सामान बांधायच्या दिवशी सकाळी वच्छलाबाईच्या गावातून निरोप आला. मी मॅडमसोबत गेलो.

हवालदार त्याच्या नेहमीच्या जागी, रस्त्यात आडवा पडला होता. तोंडाला फेस, जवळ भाकरीचा तुकडा. वास आला तो मला आणि मॅडमना चांगला ओळखीचा होता. आंघोळीच्या बादलीचा वास. वच्छलाबाई शेजारी बसली होती, रडत नव्हती. गावातली दारं उघडी होती आणि दारात कोणी नव्हतं.

मॅडम खाली बसल्या. सवयीने अंगठा शेपटीपाशी टेकवला आणि मानेकडे नेला. केस उलटे केले. कातडी साफ होती. लाल नाही, लस नाही. दाट, तांबडे, बारीक केस पुन्हा उगवून आले होते.

वच्छलाबाई म्हणाली, "बोला न बाई."

मॅडम बोलल्या नाहीत. आयुष्यभर केस उलटे करून बोललेली बाई हात तसाच कुत्र्याच्या मानेवर ठेवून बसून राहिली. मग उठली, हात धुतले, आणि स्कूटर सुरू केली. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. तिकडे दोन पावसाळे काढले आणि तिकडेच तापाने वारल्या, असं अकोल्याच्या भावाकडून कळलं. तो फोनवर रडला. म्हणाला, ती म्हणत होती, तिथे मला कुत्रे फार ओळखतात.

आता माझी स्वतःची लॅब आहे, अकोल्यात. पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढे बी.एस्सी. त्याखाली मी मुद्दाम लिहून घेतलंय की इथे जनावरांचंही रक्त तपासलं जातं. त्यामुळे माणसं कमी झाली नाहीत. सरांचं तेवढं खरं नव्हतं.

मागच्या हंगामात दारात एक मोठी गाडी थांबली. भाऊसाहेब उतरले. त्यांनी मला ओळखलं नाही. आता त्यांची तीन कृषी केंद्रं आहेत. मागच्या सीटवरून ड्रायव्हरने एक गुबगुबीत, पिवळसर, विलायती कुत्रा उतरवला. अंग लाल, खाजवून हैराण. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय, म्हणाले, पैशाची काळजी करू नका, पण घरातल्यासारखा आहे, नीट पाहा.

मी विचारलं, "आंघोळ कशाने घालता?"

"शाम्पू आहे त्याचा. पुण्याहून मागवतो."

"आणि गोचिडांना? बादलीत झाकणभर औषध टाकत नाही?"

भाऊसाहेब माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी वेडा झालोय. "पागल झाले काय? कुत्रा मरून जाईन न."

कुत्रा माझ्या गुडघ्याला अंग घासत होता. त्याचा काही दोष नव्हता. मी त्याचं रक्त काढलं, हळूच, "आजा बेटा, बस, हो गया" म्हणत. काच ओढून वाळत ठेवली. मग खाली बसलो, त्याच्या शेपटीपाशी अंगठा टेकवला आणि मानेपर्यंत नेला. केस उलटे केले.

आणि उभा राहून दार लावून घेतलं, भाऊसाहेबाला बसायला खुर्ची दिली, आणि हवालदार मेला त्या सकाळी मॅडम जे बोलल्या नव्हत्या, ते सगळं बोललो.